गुडघा बसवला, आता माणूस उठवा

निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात सकाळी अकराच्या सुमारास एक खोटं नेमानं बोललं जातं. फोनवर फिजिओथेरपिस्ट मॅडम असतात. त्या विचारतात, “काका, सकाळचे व्यायाम झाले का?” काका ठणठणीत आवाजात सांगतात, “झाले की! मगाशीच.” “सगळे?” “सगळे म्हणजे… मुख्य मुख्य.” मुख्य मुख्य याचा अर्थ, काकांनी पलंगावरून पाय खाली सोडला, चहा घेतला, पेपर वाचला आणि पाय परत वर घेतला. एवढ्यात गुडघा एकदा वाकला आणि एकदा सरळ झाला, हे कोर्टातही नाकारता येणार नाही. पलंगाशेजारी वॉकर उभा असतो. त्याच्या एका दांडीवर पंचा, दुसरीवर एक्स-रेची पिशवी आणि मधल्या आडव्या दांडीवर नातवाचा शाळेचा टाय वाळत असतो. ऑपरेशन यशस्वी झालेलं आहे. डॉक्टर तसं म्हणाले, एक्स-रे तसं म्हणतो, बिल तर फारच ठामपणे म्हणतं. गुडघ्याला तेवढं अजून कुणी कळवलेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सांधा बदलल्यावर तो चांगला चालणार की नुसता असणार, याचा बराचसा निकाल घरात लागतो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत. आणि तिथे घोळ होतो तो आळसामुळे कमी आणि मायेमुळे जास्त. हे कुठल्याही गावाला लागू असेल, पण आमच्या पट्ट्यात त्याचं नवल जास्त वाटतं. हे शहर यंत्रांनी वसवलं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी बाहेर पडू लागल्या, भोसरीत एमआयडीसी पसरली आणि इथली जागा पुरेना तेव्हा कारखाने चाकणकडे सरकले. त्या पहिल्या फळीतले टर्नर, फिटर, टूलरूमवाले, मेंटेनन्सवाले आता प्राधिकरणात, यमुनानगरात, इंद्रायणीनगरात निवृत्त होऊन बसलेत. आणि बसलेत ते बसलेतच, कारण उठताना गुडघा दुखतो. नवीन बेअरिंग टाकलं की मशीन आधी रिकामं फिरवायचं, मग हळूहळू लोड द्यायचा, हे या मंडळींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. नवी स्कूटर पहिली काही शे किलोमीटर जपून चालवायची, हे त्यांनी साऱ्या नातेवाइकांना पढवलं. जपून चालवायची म्हणजे चालवायची. नवी आहे म्हणून तीन महिने चादर घालून जिन्याखाली उभी करा, असं सांगणारा सुपरवायझर आकुर्डीत जन्मला नाही. तोच सुपरवायझर नवा गुडघा घेऊन घरी आला की चादर गळ्यापर्यंत ओढतो आणि जाहीर करतो, “आता सहा महिने आराम. नवीन आहे ना!”

मुळात त्यात नवीन किती, हेही बघायला हवं. या शस्त्रक्रियेत अख्खा गुडघा काढून दुसरा बसवतात अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासतात, वरच्या हाडावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची टोपी चढवतात, खालच्या हाडावर धातूची बैठक बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची गादी सरकवतात. बाकी स्नायू, कातडी, सवयी आणि मालक, सगळा माल जुनाच. त्यातला मांडीचा पुढचा स्नायू तर आधीची काही वर्षं, गुडघा दुखतो म्हणून जवळजवळ रजेवरच असतो. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात त्याची ताकद आधीच्या निम्म्याहूनही खाली जाते, हे मोजून पाहिलेलं आहे. सूज आणि वेदना यांच्यामुळे मज्जासंस्थाच त्याला कामाला पूर्ण जोर लावू देत नाही. धातू कितीही उत्तम असो, पाय उचलणार तो हा स्नायू, आणि तो व्यायामाशिवाय परत येत नाही. आजच्या गुडघ्याचा मूळ आराखडा १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. तो करणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते. ऑक्टोबर २००० मध्ये हेच राणावत मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलायला आले, आणि त्या दिवसांत देशातला प्रत्येक पेपर हाडवैद्यासारखा बोलू लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं या सांध्याची कमाल किंमत बांधून दिली. जो सर्रास वापरतात तो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या आसपासवरून कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. धातूला सरकारनं लगाम घातला. उशीला मात्र अजून कुणाला घालता आलेला नाही.

उशी हीच या कथेतली खरी खलनायिका. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, कारण त्या स्थितीत सांध्यातल्या पाण्याला जास्त जागा मिळते. काकांचा चेहरा जरा सैल झालेला काकूंच्या नजरेतून सुटत नाही. त्या गुडघ्याखाली एक उशी सरकवतात. संध्याकाळी सून ऑफिसातून येते आणि सासूच्या मागे राहायला नको म्हणून दुसरी सरकवते. लेक फोनवर विचारते, “बाबांना उशी दिली का?” म्हणजे तिसरी. फिजिओ मॅडम येतात, तिन्ही उशा बाजूला करतात आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात. गुडघा अधांतरी, सरळ, ताणलेला. “हा असा राहू दे, काका. आधी पूर्ण सरळ व्हायला हवा.” मॅडमची स्कूटी गल्लीच्या टोकाला वळते न वळते तोच काकू उशी घेऊन हजर. “त्यांचं बरोबरच असेल हो, पण बघवत नाही.” हे न बघवणं काही आठवडे चाललं की गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं, शेवटचे काही अंश सरळ होतच नाहीत, माणूस पाय किंचित वाकवून लंगडत चालतो आणि मांडी चार पावलांत थकते. मग तेच घर एकमतानं म्हणतं, “ऑपरेशन काही नीट झालेलं दिसत नाही.”

उशीच्या मदतीला भेटायला येणारे असतात. शहाळं, मोसंबी आणि एक दाखला, या तीन वस्तूंशिवाय आजाऱ्याला भेटायला जायचं नाही असा आपल्याकडे दंडक आहे. शहाळं, मोसंबी निरुपद्रवी. दाखला असा असतो: “आमच्या मोशीच्या साडूंनी केलं होतं हेच ऑपरेशन. त्यांनाही असाच रोज व्यायाम लावला. इमानदारीत केला बिचाऱ्यांनी. गेले.” “गुडघ्यानं?” “छे, हार्टनं. पण व्यायाम चालू होता ना!” हे ऐकून खोलीत जी शांतता पसरते, तिच्यात संध्याकाळचा व्यायाम बुडतो. बरं, खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या व्यायामाला फिजिओनं जी एकुलती एक ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची नेमून दिलेली असते, पाहुणा नेमका तिच्यातच बसतो. त्यातून तो चाकणहून आलेला असेल तर विषयच संपला. तळेगाव चौकात अडकून, मोशीत रांगत, नाशिकफाट्याला देवाचं नाव घेत तो इथवर पोचलेला असतो. इतक्या तपश्चर्येनंतर पंधरा मिनिटांत उठून जाणं त्याच्या धर्मात बसत नाही. यजमानांनी त्याच्यासमोर पलंगावर टाच घासत पाय ओढायचा आणि सोडायचा, हे कुणाच्याच धर्मात बसत नाही. “असू दे, आज राहू दे. उद्या डबल करू,” असं ठरतं. ओव्हरटाइमनं भरून काढता येईल असं ते काम असतं तर या शहरात एकही ताठ गुडघा उरला नसता.

इथे एक प्रामाणिक हरकत येते: दुखतं. खरंच दुखतं, आणि खुर्चीत बसून लिहिणाऱ्या माणसानं, ज्याची सर्वांत मोठी कसरत म्हणजे पडलेलं पेन उचलणं, दुसऱ्याला “थोडं सोसा” असं सांगणं शोभत नाही. पण दुखण्या-दुखण्यात फरक असतो. व्यायामानं ताण बसून दुखतं आणि विश्रांती, बर्फ, पाय उंच ठेवणं यानं थोड्या वेळात उतरतं, ते अपेक्षितच असतं. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, असं फिजिओ सांगतात. आपल्याकडे ती गोळी शक्यतो न घेता व्यायाम करण्यात, आणि व्यायाम न करता गोळी घेण्यात पुरुषार्थ मानतात. उलट पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर थांबायचं नसतं, लगेच डॉक्टरांना गाठायचं असतं; पोटरीत रक्ताची गाठ झालेली असू शकते. नेमक्या त्याच वेळी घरातलं कुणीतरी शांतपणे म्हणतं, “गॅसेस असतील,” आणि तेलाची वाटी गरम करायला ठेवतं. पाय ताणला की गल्ली गोळा करणारा माणूस पोटरी टम्म झाली की मालिशवाल्याला बोलावतो. घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, याची वाटणी आपण उलटी करून ठेवलेली आहे. दुखतं म्हणून थांबलं की दुखणं वाचतं असंही नाही. आतला व्रण आपल्या गतीनं भरत असतो, तो कुणाच्या मूडसाठी थांबत नाही. काही आठवड्यांनंतरही गुडघा काटकोनापर्यंत जाईना, तर भूल देऊन तो वाकवण्याची वेळ येऊ शकते. म्हणजे टॉवेल आणि खुर्ची जे काम घरी फुकट करत होती, त्यासाठी पुन्हा उपाशीपोटी थिएटर.

काकूंची हरकत वेगळी आणि जास्त तेजस्वी असते. गुडघ्याचा संधिवात बायकांमध्ये अधिक, त्यामुळे बऱ्याच घरांत पेशंट त्याच असतात. त्या म्हणतात, “मला कशाला वेगळा व्यायाम? दिवसभर घरात चालतेच की मी.” ऐकायला बिनतोड वाटतं. पण सपाट जमिनीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागतं. जिना उतरायला, खुर्चीवरून हात न टेकता उठायला नव्वद आणि त्याच्याही पुढे लागतात. ओट्यापासून फ्रिजपर्यंत कितीही येरझाऱ्या घातल्या तरी ते वरचे अंश कधी वापरलेच जात नाहीत. शिवाय शरीर लबाड असतं, गुपचूप सगळा भार चांगल्या पायावर टाकून मोकळं होतं. व्यायाम वेगळा काढून करायचा तो याचसाठी. तो काढू देत नाहीत ते काका. बायकोच्या ऑपरेशनानंतर दीड महिना स्वयंपाकघर मी सांभाळणार, अशी घोषणा त्यांनी केलेली असते. काकू पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबतात, मांडी आवळून मनात पाच मोजायला लागतात. तीनवर आतून हाक येते, “अगं, जिरं कुठल्या डब्यात?” “दुसऱ्या.” “त्यात ओवा आहे.” “मग तिसऱ्या.” “तिसरा कुठून मोजायचा?” काकू उठतात. वॉकर घेऊन जातात, जिरं देतात, फोडणी जळालेली बघतात, ती टाकून नवी करतात. काका फिजिओला फोनवर अभिमानानं सांगतात, “आज बराच वेळ उभ्या होत्या हां!”

मोजमापाच्या दिवशी वेगळाच रंग. फिजिओ गोनिओमीटर काढतात. दोन पट्ट्या आणि मध्ये कोनमापक, टूलरूमवाल्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हा माणूस तीस वर्षं क्वालिटीत होता. गो, नो-गो गेज हातात घेऊन, शाफ्ट केसभर जाड म्हणून त्यानं व्हेंडरांचे अख्खे लॉट परत पाठवले. भोसरीतले व्हेंडर त्याच्या नावानं अजून बोटं मोडतात. आता पट्टी त्याच्याच पायावर लागते. “काका, पंच्याऐंशी.” “नव्वदच धरा की मॅडम. पाच अंश म्हणजे टॉलरन्समध्ये बसतं.” “बसत नाही, काका.” “पट्टी जरा तिरकी लागली का बघा. रीडिंग तिघांनी घ्यायला हवं.” मॅडम दुसऱ्यांदा मोजतात. चौऱ्याऐंशी. मग काका तडजोडीचा प्रस्ताव ठेवतात, “डेव्हिएशनवर पास करा, पुढच्या लॉटला दुरुस्त करून देतो.” दुसऱ्याच्या कामात मायक्रॉन सोडायचा नाही आणि स्वतःच्या कामात काटकोन आणि अघळपघळ कोन यांत फरक मानायचा नाही, हा केवळ इथल्याच माणसाचा गुण म्हणता येणार नाही. पण इथे तो बोलतो तांत्रिक भाषेत, म्हणून उत्तर द्यायला फिजिओला जास्त वेळ लागतो.

काहींचा मुद्दा असा की हे सगळं माणसाकडून करून घेताच कशाला, यंत्र आणा. यंत्रांच्या गावात हा मुद्दा येणारच. पाय ठेवला की आपोआप वाकवणारं, सरळ करणारं यंत्र खरोखर आहे, भाड्यानंही मिळतं. काका ते लावून घोरू शकतात, यातच त्याचं आकर्षण आणि त्यातच त्याचा दोष. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा यंत्रांवरचे अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा गुडघा वाकण्यात सरासरी दोनएक अंशांचा फायदा निघाला. तेवढा तर काका नुसत्या हुज्जतीत मिळवतात. यंत्र हाड हलवतं. स्नायू आपण होऊन कामाला लागत नाही. दुसऱ्या टोकाला, “मोठ्या सेंटरमध्ये भरतीच व्हायला हवं, घरी काही होत नाही” म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी सिडनीचा एक अभ्यास आहे, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. गुडघा बदललेल्या १६५ रुग्णांपैकी निम्म्यांना दहा दिवस रुग्णालयात ठेवून फिजिओथेरपी दिली आणि मग घरचा कार्यक्रम, उरलेल्यांना थेट घरचाच कार्यक्रम. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत कोण किती चालतं ते पाहिलं तर दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे ज्यांच्यात काही गुंतागुंत नाही अशांना घर पुरतं. माझी शंका एवढीच की ते घर सिडनीतलं होतं. तिथे गुडघ्याखाली उशी घालायला सून नव्हती, मोशीचे साडू नव्हते, आणि जिरं कुठल्या डब्यात आहे हे नवऱ्याला ठाऊक असावं. हाच प्रयोग चिंचवडगावात केला असता तर दहा दिवस रुग्णालयात काढलेली तुकडी सहज जिंकली असती, आणि तेही केवळ भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात म्हणून.

मांडी घालून बसता येईल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर आपल्याला हवं ते येईपर्यंत विचारतो. बहुतेक डॉक्टर जमिनीवर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं टाळायलाच सांगतात. खुर्चीवर बसणं, जिना, बाजार, देवळाच्या पायऱ्या एवढं मिळालं तर ऑपरेशन फळलं असं ते मानतात. लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायट्यांमध्ये पायऱ्याच खऱ्या महत्त्वाच्या. “चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा,” हे सूत्र फिजिओ एकदा शिकवतात आणि पुढे काका उतरू लागले की तिन्ही मजल्यांची दारं उघडून ते कोरसमध्ये ऐकवलं जातं. त्यात एक जण हमखास उलटं सांगतो. मोरया गोसावींच्या समाधीपर्यंत पायी गेलो, दुर्गा टेकडीला खालून का होईना फेरी मारली, ही बातमी मग कट्ट्यावर पोचते आणि काका सल्लागार होतात. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांना ते घरी बोलावून टाचेखालचा टॉवेल, गोळीची वेळ, मांडी आवळून पाच मोजणं, सगळं अक्षर न चुकता समजावतात. आतल्या खोलीतून काकू फक्त खाकरतात.

आता उरला दुसरा गुडघा. झीज सहसा एका पायावर थांबत नाही. वाजपेयींनी जून २००१ मध्ये, पहिल्यानंतर आठ महिन्यांनी, त्याच राणावतांकडून त्याच रुग्णालयात उजवाही बदलून घेतला. दोन डझनांच्या घरातल्या पक्षांची आघाडी चालवत असताना त्यांना दोनदा वेळ सापडला. काकांकडे एकही पक्ष नाही. तरी विचारलं, “मग काका, उजव्याचं कधी?” की उत्तर येतं, “दिवाळीनंतर बघू.” दिवाळीनंतर थंडी असते, थंडीत दुखतं जास्त. थंडी सरली की लग्नसराई. मग नातीची परीक्षा, मग उन्हाळा, उन्हाळ्यात टाके चिकचिकतात म्हणे. मग तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, घर पाहुण्यांनी भरलेलं. मग श्रावण, मग गणपती, मग पक्ष, पक्षात कुणी ऑपरेशन करतं का? “आणि त्यानंतर, काका?” “त्यानंतर काय, दिवाळी आलीच की.”